लिव्हर बदललं म्हणजे काम संपलं नाही. गोळीची वेळ चुकली तर जिवावर बेततं

करमाळा (प्रतिनिधी) : माझ्या चुलतभावाचं लिव्हर बदलून आता तीन वर्षं होत आली. ऑपरेशन पुण्यात झालं. वहिनीनं स्वतःच्या लिव्हरचा तुकडा काढून दिला. दोघं गावात परत आले त्या दिवशी वेशीत हलगी वाजली, पेढे वाटले, काकूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळ्यांना वाटलं, संपलं एकदाचं संकट.

दीड वर्षानं दादानं स्वतःच्याच मनानं गोळ्या कमी केल्या. उसाचं बिल अडकलेलं, थोरलीच्या कॉलेजची फी तोंडावर आलेली, आणि अंगात ताकद तर पहिल्यासारखी. शिवाय डॉक्टरच तोवर एकेक गोळी कमी करत आले होते. त्याला वाटलं, अजून थोडी आपण कमी केली तर काय बिघडतंय? दोन वेळची गोळी त्यानं एक वेळ केली. कुणाला सांगितलं नाही, वहिनीला पण नाही.

पाच-सहा आठवडे काहीच झालं नाही. भूक लागत होती, झोप लागत होती, ट्रॅक्टरवर बसत होता. नेहमीची रक्ततपासणी आली तेव्हा एसजीपीटी चारशेच्या वर. चाळीसच्या आसपास असायला पाहिजे ते. त्याच रात्री गाडी करून पुणं गाठलं. सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा तपासायला काढला. रिपोर्ट आला, शरीरानं लिव्हर नाकारायला सुरुवात केलीय.

आठ दिवस आम्ही त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर काढले. तिथं डॉक्टरांकडून, को-ऑर्डिनेटर मॅडमकडून आणि आपल्यासारख्याच गावाकडून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांकडून जे कळलं, ते आज लिहितोय. आपल्या तालुक्यांतही आता लिव्हर बदललेली माणसं दिसायला लागलीत. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना हे माहीत पाहिजे.

कलम आणि पट्टी

आपण गावठी बोराच्या खुंटावर उमराणचं कलम करतो. डोळा बसवतो, पट्टी बांधतो. महिन्याभरात जीव धरला की पट्टी सोडतो. पुढं खुंट आणि डोळा एकच झाड होतं.

माणसाच्या शरीरात असं होत नाही. दुसऱ्याचं लिव्हर आत बसवलं, रक्तवाहिन्या जोडल्या, ते काम पण करायला लागलं, तरी आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला आपलं म्हणत नाहीत. या पेशींचं कामच ते. बाहेरचं काही आत आलं, मग तो जंतू असो की दुसऱ्याचं लिव्हर, त्याच्यावर तुटून पडायचं. दहा वर्षांनी सुद्धा त्यांची ही ओळखपरेड चालूच असते.

गोळी म्हणजे ती कलमाची पट्टी समजा. फरक एवढाच की ही पट्टी सोडायची नसते. डॉक्टर ती हळूहळू सैल करतात, पण सोडत नाहीत.

लोक एक प्रश्न हमखास विचारतात. वहिनीचा ब्लडग्रुप जुळला होता, मग शरीर नाकारतंय कसं? ब्लडग्रुप जुळला म्हणजे पहिला दरवाजा उघडला एवढंच. प्रत्येकाच्या पेशींवर आणखी बऱ्याच खुणा असतात. त्या अगदी तंतोतंत जुळतात फक्त एकाच बीजातून झालेल्या जुळ्या भावंडांत. नवरा-बायको सोडाच, बाप-लेकातही त्या पूर्ण जुळत नाहीत.

दुसरा प्रश्न असतो, वहिनीला पण जन्मभर गोळ्या घ्याव्या लागणार का? नाही. ज्यानं लिव्हर दिलं त्याच्या अंगात परकं काहीच नाही. त्याचं उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत, महिन्यांत वाढून भरून येतं. तपासणीला जावं लागतं, पण या गोळ्या त्याला नसतात.

मातीतून आलेली औषधं

आपल्या शेतकऱ्यांना गंमत वाटेल. या उपचारातली दोन मोठी औषधं मातीत सापडली आहेत.

अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हर इथं माणसाचं लिव्हर बदलायचा पहिला प्रयत्न केला. तो पेशंट वाचला नाही. १९६७ मध्ये पहिल्यांदा यश आलं. पण पुढची बरीच वर्षं बहुतेक पेशंट वर्षभरही काढत नव्हते. हात तयार झाले होते, शरीराला आवरणारं चांगलं औषध नव्हतं.

मग नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळालं. अमेरिकेत त्याला १९८३ मध्ये मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. १९८४ मध्ये जपानमध्ये त्सुकुबा डोंगराच्या परिसरातल्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं. १९८९ मध्ये स्टार्झल यांच्याच टीमनं ते लिव्हरच्या पेशंटना वापरायला सुरुवात केली, १९९४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आज लिव्हर बदललेल्या बहुतेक पेशंटच्या डबीत मुख्य गोळी हीच असते.

आपल्या देशात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. लिव्हरचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं. दोन वर्षांचंही नव्हतं ते बाळ, लिव्हर वडिलांनी दिलं. तो मुलगा पुढं शिकून स्वतः डॉक्टर झाला. म्हणजे नीट सांभाळलं तर माणूस वर्षानुवर्षं जगतो, कामाला लागतो. चांगल्या केंद्रांत दहापैकी साधारण नऊ पेशंट पहिलं वर्ष पार करतात. त्यापुढची वर्षं बऱ्याच अंशी घरातल्या शिस्तीवर असतात.

डबीत काय काय असतं

सुरुवातीला साधारण तीन प्रकारची औषधं एकत्र असतात. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड. प्रत्येक जण वेगळ्या जागी पेशींना आवरतो, म्हणून प्रत्येकाचा डोस कमी ठेवता येतो. स्टेरॉइड बहुतेकांचं काही महिन्यांत कमी करत बंद करतात. मायकोफिनोलेट काहींचं पुढं बंद होतं, काहींचं चालू राहतं. टॅक्रोलिमस राहतंच. ज्यांची किडनी कुरकुरते त्यांना टॅक्रोलिमस कमी करून एव्हरोलिमस जोडतात.

गोळ्या अशा कमी होतात, पण त्या रक्त बघून, महिन्यांच्या अंतरानं आणि डॉक्टरांच्या हातानं. आमच्या दादाची चूक झाली ती इथं. डॉक्टर कमी करतायत ते त्यानं बघितलं, कशावरून कमी करतायत ते बघितलं नाही.

ज्यांचं लिव्हर हिपॅटायटिस बी मुळं गेलं होतं, त्यांना त्या व्हायरसची वेगळी गोळी असते. ती पण थांबवायची नसते. आणि दारूमुळं गेलं असेल, तर दारू पुन्हा थेंबभरही नाही. नवीन लिव्हर जुन्याइतकंच नासतं.

नाकारताना दुखत नाही, हाच धोका

विंचू चावला तर कळतं, किडनीचा खडा हलला तर माणूस लोळतो. लिव्हर नाकारलं जातंय हे सुरुवातीला अजिबात कळत नाही. ताप नाही, कळ नाही. रक्तात फक्त एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, बिलिरुबिन हे आकडे चढायला लागतात. डोळे पिवळे दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं.

नाकारण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त. त्यानंतर कमी होतो, पण शून्य होत नाही. उशिरा, वर्ष-दोन वर्षांनी जे प्रकार होतात, त्यात गोळी चुकवणं, कमी करणं, बंद करणं हे मोठं कारण. वेळेत सापडलं तर स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन, गोळीचा डोस वाढवून बहुतेकांचं आवरता येतं. दादाचं आवरलं. पण पुन्हा पुन्हा झालं तर लिव्हरमधल्या पित्ताच्या बारीक नळ्या नष्ट होत जातात. त्या परत येत नाहीत. मग उरतो एकच उपाय, पुन्हा लिव्हर बदलणं.

आणि पुन्हा देणार कोण? वहिनी एकदा देऊन बसली. तिला दुसऱ्यांदा देता येत नाही. त्या आठ दिवसांत ती पायरीवर बसून एकच बोलली, "माझा तुकडा ह्यांनी सहा आठवडं उपाशी ठेवला हो भावजी." मला त्यावर काय बोलावं कळलं नाही.

घड्याळ आणि रक्ताची लेव्हल

टॅक्रोलिमसची नेहमीची गोळी दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं घ्यायची असते. हे औषध फार नाजूक आहे. रक्तात कमी पडलं तर शरीर लिव्हरवर उठतं, जास्त झालं तर किडनीला मार, हात थरथरणं, डोकं दुखणं, कधी झटके. मधला पट्टा अरुंद. म्हणून अधूनमधून रक्तातली लेव्हल बघतात. पहिल्या महिन्यांत ती जरा वर ठेवतात, वर्षभरानंतर खाली आणतात. एकाचा आकडा दुसऱ्याला लागू होत नाही. शेजारच्या गावातला पेशंट किती गोळ्या घेतो हे विचारून काही उपयोग नाही.

आता आपल्याकडं हमखास होणारी चूक. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं, म्हणजे रात्रीच्या गोळीला बारा तास होत आलेले असताना. आपला माणूस सातला गोळी घेतो, एसटी पकडतो, दहाला लॅबवर पोचतो आणि रक्त देतो. लेव्हल खोटी वर दिसते. डॉक्टर डोस कमी करतात, आणि खरी लेव्हल खाली जाते.

उपाय सोपा आहे. लॅब नऊला उघडत असेल तर गोळीची वेळ कायमचीच सकाळी नऊ-रात्री नऊ अशी डॉक्टरांना विचारून बांधून घ्या. सकाळची गोळी खिशात ठेवा, आधी रक्त, मग गोळी. हे रक्त ईडीटीएच्या, म्हणजे बहुतेक जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात आणि तालुक्याच्या लॅबवाले ते बहुतेक वेळा पुण्या-मुंबईला पाठवतात. चिठ्ठीवर रात्रीची गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता दिलं, दोन्ही लिहून घ्या.

गोळी अनशापोटी घ्यायची की जेवणासोबत, हे डॉक्टर सांगतील तसं. बहुतेक जण जेवणाआधी तास किंवा जेवणानंतर दोन-तीन तासांनी घ्यायला सांगतात. जे ठरलं ते रोज तसंच. आज रिकाम्या पोटी, उद्या मटणाच्या जेवणावर असं केलं तर लेव्हल वरखाली होते.

एकादशी, चतुर्थीच्या उपवासाला पाण्यासोबत गोळी घेतली तर उपवास मोडत नाही. निर्जळी उपवास मात्र या पेशंटनं करू नये. पाणी कमी पडलं की या औषधात किडनीला जास्त त्रास होतो.

गोळी विसरली तर? लवकर आठवलं तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या आणि को-ऑर्डिनेटरला कळवा. दोन डोस एकदम घ्यायचे नाहीत. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तरी फोन करूनच पुढचं ठरवा. जुलाबाचं तर उलटंच आहे. आपल्याला वाटतं जुलाबात औषध वाहून जातं, पण जुलाब लागले की टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल चढते. दोन दिवस जुलाब असतील तर घरी ताक-भात खात बसू नका, रक्त तपासा.

गोळ्या पत्र्याच्या घरात खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. ओलीपण नको, माठाशेजारी किंवा मोरीजवळची फळी नको. घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा शोधा. कॅप्सूल पाकिटातून आधीच सोडवून डबीत भरू नका, घ्यायच्या वेळीच काढा. मोबाइलला दोन गजर लावा. लाइट नसली की मोबाइल बंद पडतो, म्हणून भिंतीवर एक सेलचं घड्याळ आणि घरातलं एक माणूस नेमलेलं पाहिजे. आमच्याकडं आता ते काम थोरली पुतणी करते. कॅलेंडरवर रोज दोन फुल्या मारते.

दुसऱ्या दुखण्यावरच्या गोळ्या

गावात हा सगळ्यात मोठा सापळा आहे. टॅक्रोलिमस शरीरात ज्या वाटेनं पचतं, त्याच वाटेनं कितीतरी दुसरी औषधं जातात. एकानं वाट अडवली की दुसरं साचतं.

नायट्याचं उदाहरण घ्या. आपल्याकडं पावसाळ्यात घरटी एकाला नायटा असतो. मेडिकलवर गेलं की इट्राकोनाझोल किंवा फ्लुकोनाझोल मिळतं. या गोळ्यांनी टॅक्रोलिमसची लेव्हल झपाट्यानं वाढते, किडनी धोक्यात येते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स आणि ब्लडप्रेशरच्या डिल्टियाझेम, व्हेरापामिल या गोळ्यांचं पण तसंच.

उलट्या बाजूला टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटोइन, कार्बामाझेपिन. ही घेतली की टॅक्रोलिमस लवकर संपून जातं, लेव्हल तळाला जाते. टीबी आपल्याकडं घरोघर माहीत असलेला आजार. या पेशंटला टीबी झालाच तर उपचार होतो, पण तो लिव्हरच्या डॉक्टरांशी बोलून, औषधं बदलून. सरकारी दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगा की माझं लिव्हर बदललेलं आहे.

अंगदुखीवर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, आयब्रुफेनची गोळी नको. किडनीवर दुहेरी भार पडतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं, पण किती ते विचारून. आणि ताप दाबून ठेवायचा नाही, त्याचं कारण शोधायचं.

पपनस आणि चकोतरा ही फळं पूर्ण बंद. त्यांच्यानं पण लेव्हल वाढते. नातेवाईक भेटायला येताना शहाळी आणतात, आणि आपला भाग तर केळीचा. टॅक्रोलिमसनं काहींच्या रक्तात पोटॅशियम वाढतं, आणि शहाळं-केळी या दोन्हींत ते भरपूर असतं. रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील तेवढंच खा.

झाडपाल्याबद्दल स्पष्ट लिहितो, कुणाला राग आला तरी. प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा म्हणून गुळवेल, अश्वगंधा दिली जाते. आपण लाखो रुपये घालून जी प्रतिकारशक्ती आवरून धरलीय, तीच चेतवायचं औषध कशाला घ्यायचं? कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत. आणि लिव्हर बदललेल्या माणसाचे डोळे पिवळे झाले तर काविळीचं गावठी औषध, माळ, नाकात थेंब यात एक दिवसही घालवू नका. ती साधी कावीळ समजायची नाही.

आणखी एक. मेडिकलवाला म्हणतो, ही कंपनी नाही, दुसरी देतो, औषध तेच. बाकी गोळ्यांना हे चालून जातं. टॅक्रोलिमसला चालत नाही. कंपनी बदलली तर डॉक्टरांना कळवून लेव्हल पुन्हा बघावी लागते. दिवसातून एकदा घ्यायची वेगळी कॅप्सूल पण मिळते, ती दोन वेळच्या गोळीच्या जागी आपल्या मनानं घ्यायची नाही. म्हणून किमान पंधरा दिवसांचा साठा घरात शिल्लक असतानाच पुढची खरेदी करा.

शेतात जायचं का?

जायचं. दादा जातो. पण पहिले काही महिने नाही, आणि नंतरही काही कामं दुसऱ्याला द्यायची.

कडबाकुट्टीची धूळ, बुरशी आलेला कडबा, भिजलेला भुसा, उकिरडा उपसणं, शेणखत पसरणं, कबुतर-कोंबड्यांची खुराडी झाडणं. यात बुरशीचे कण उडतात आणि दडपलेल्या प्रतिकारशक्तीत ते फुप्फुसात घर करतात. ही कामं टाळा. मातीत हात घालायचा तर हातमोजे, पायात गमबूट, तोंडाला मास्क. फवारणी करू नका. काटा लागला, खरचटलं तर धुऊन औषध लावा, लाल झालं तर दाखवा.

धारोष्ण दूध नको, उकळूनच. विहिरीचं, बोअरचं पाणी उकळून गार करून. रसवंतीचा बर्फ, उघड्यावरची भेळ नको. वारीत, जत्रेत, लग्नात गर्दी असेल तर मास्क. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तेव्हा. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे गोवर-कांजिण्यांसारख्या, या पेशंटला सहसा देत नाहीत. लस देणाऱ्याला आधी सांगा.

तंबाखू, मावा, गुटखा, मिसरी सोडायचीच. प्रतिकारशक्ती दडपलेल्या माणसाला कॅन्सरचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, तोंडाचा तर तंबाखूनं आणखी वाढतो.

औषधाचा पण हिशोब असतो

ही औषधं फुकट काम करत नाहीत. वर्षानुवर्षं घेतली की किडनी, ब्लडप्रेशर आणि साखर या तिघांवर लक्ष ठेवावं लागतं. ज्यांना आधी शुगर नव्हती त्यांनाही होऊ शकते. म्हणून लिव्हरच्या रिपोर्टसोबत क्रिएटिनिन, साखर, रक्तपेशी, पोटॅशियम बघतात. सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याला, पुढं दोन-तीन महिन्यांनी. सगळं चांगलं आहे म्हणून तपासणी टाळायची नाही. सगळं चांगलं आहे हे कळतंच तपासणीतून.

लिव्हर बदललेल्या बाईला मूल होऊ शकतं. पण मायकोफिनोलेट पोटातल्या बाळाला घातक आहे. ते डॉक्टरांनी बदलून काही आठवडे गेल्यावरच विचार करायचा. घरातल्या मोठ्यांनी यात घाई करू नये.

कुणीतरी सांगतं, अमक्याच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या. हे अगदीच खोटं नाही. बाकी अवयवांपेक्षा लिव्हर जरा सोशीक आहे. काही थोडे पेशंट गोळ्यांशिवाय राहू शकले, पण ते निवडक पेशंट होते, मोठ्या केंद्रात, सारख्या तपासण्या करत, एकेक पाव गोळी कमी करत. त्यातही अनेकांना पुन्हा सुरू करावी लागली. आपण त्या थोड्यांपैकी आहोत की नाही हे घरी बसून कळत नाही.

पैशाचं काय?

खरं दुखणं इथं आहे. दादाचा गोळ्यांचा खर्च पहिल्या वर्षी महिन्याला बारा हजारांच्या आसपास होता, आता पाचाच्या आत आलाय. तपासणी आणि गाडीभाडं वेगळं. ऑपरेशनला गाव वर्गणी काढतं, नंतरच्या गोळ्यांना कुणी काढत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच पुढच्या किमान वर्षाचा हिशोब मांडा.

केंद्राच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना प्रत्यारोपणानंतरच्या या औषधांसाठी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, ट्रस्ट यांचीही चौकशी करता येते. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाला भेटा, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. आणि पैसे संपत आलेत हे डॉक्टरांना सांगायची लाज बाळगू नका. स्वस्त कंपनीची गोळी लेव्हल बघत सुरू करता येते, काही औषधं बदलता येतात. दादानं हे एक वाक्य तोंडातून काढलं असतं तर आठ दिवसांचं बिल वाचलं असतं. ते बिल त्याच्या अडीच वर्षांच्या गोळ्यांएवढं झालं.

हे दिसलं तर लगेच फोन करा

• १००.४ किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणं
• डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढरट, अंगाला खाज
• एक दिवसापेक्षा जास्त उलट्या किंवा जुलाब
• लघवी कमी होणं, पाय सुजणं
• हात फार थरथरणं, झटका येणं, डोकं जड होऊन नजर अंधुक होणं
• खोकला हटत नसणं, वजन उतरणं
• गोळ्या संपत आल्या आणि मिळत नसल्या तरी

दवाखान्याचा आणि को-ऑर्डिनेटरचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पाहिजे. गोळ्यांच्या नावांची चिठ्ठी पाकिटात पाहिजे, म्हणजे कुठल्याही डॉक्टरपुढं ठेवता येते. आणि हा लेख वाचून कुणी स्वतःचा डोस बदलू नये. डोस ठरवायचा तो आपल्या डॉक्टरांनीच.

दादाचं एसजीपीटी आता चाळीसच्या आत आहे. परवा रानात पाणी द्यायला गेलो तर तो बांधावर बसलेला. नऊ वाजले तसा मोबाइल वाजला. त्यानं खिशातनं गोळी काढली, बाटलीतलं पाणी घेतलं आणि घरी फोन लावून वहिनीला सांगितलं, घेतली. मग मोटार चालू केली.

आपल्या गावात, पाव्हण्यांत कुणाचं लिव्हर बदललेलं असेल तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचवा.